तामणाच्या आळ्यातलं मीठ

ही हकीकत सांगायची मी बावीस वर्षं टाळली. विसरलो होतो असं नाही. दर वैशाखात घरासमोरचा तामण फुलतो आणि दर वैशाखात ती माझ्या ओठांपर्यंत येते. मग कुणीतरी चहा आणून ठेवतं, कुणाचा तरी फोन येतो, फुलं गळून जातात, आणि मी स्वतःला सांगतो, पुढच्या फुलोऱ्याला बघू. टाळायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही. आता मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. अजून किती फुलोरे दिसतील, याचा अंदाज मला माझ्या गुडघ्यांवरून येतो.

यंदा मात्र टाळणं अवघड झालं, कारण झाडाला पाटी लागली.

आमच्या भागातली काही हौशी मंडळी झाडांची नावं लिहीत फिरत होती. त्यांच्यात कॉलेजात शिकवणारी एक तरुण बाई होती. तामणाखाली उभी राहून ती वर बघतच राहिली. म्हणाली, "काका, सोलापुरात एवढा मोठा तामण मी पहिल्यांदाच बघतेय. कुणी लावला हो?"

"आमच्या हिनं."

"आणि जगवला कुणी? इथल्या पाण्यावर हे सोपं नाही."

मी काही बोललो नाही. माझं गप्प राहणं तिला माझा मोठेपणा वाटला असावा. आठ दिवसांनी खोडाला सैलसर तारेनं एक हिरवी पत्र्याची पाटी बांधलेली होती. पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: तामण, आणि खाली, संगोपन. त्यापुढे माझं नाव, श्री लावून.

रोज सकाळी पेपर घ्यायला फाटकाशी जातो तेव्हा ती पाटी मला दिसते. वारा असला की खोडावर टकटक वाजते.

तामण ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे आपल्या राज्याचं फूल, पण आमच्याकडच्या कोरड्या रानात ते आपण होऊन येत नाही. ते नदीकाठचं झाड. थंडीत पानं तांबडी होऊन गळतात, फाल्गुनात नवी फुटतात आणि वैशाखात, जेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा फांद्यांच्या टोकांना उभे तुरे येतात. कळ्या गोल, टणक, अंगावर उभे कंगोरे असलेल्या. उमलल्या की आतून चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या निघतात, जणू कुणी घाईघाईत मुठीत कोंबून ठेवल्या होत्या. रंग जांभळा म्हणावा तर तेवढा गडद नाही, गुलाबी म्हणावा तर तेवढा गोड नाही. मध्ये पिवळ्या केसरांचा पुंजका. दुपारच्या उन्हात त्याच्याकडे बघितलं की डोळ्यांना पाणी मारल्यासारखं होतं.

मंदा, माझी बायको, आजऱ्याकडची. तिच्या माहेरी ओढ्याच्या काठानं तामण उभे असायचे. आमचं लग्न झालं तेव्हा मी पाटबंधारे खात्यात होतो, माढ्याच्या बाजूला कालव्यावर. पुढे बदली होऊन सोलापुरात आलो, अक्कलकोट रोडच्या अलीकडे एका गल्लीत घर बांधलं. घर बांधून झाल्यावर तिनं काय मागावं? म्हणाली, "दारात एक तामण लावू या."

"इथं? इथं बाभळसुद्धा विचार करून वाढते."

"मी वाढले की नाही?" ती म्हणाली.

माहेराहून तिनं दुधाच्या पावडरीच्या डब्यात रोप आणलं. आठ तासांचा एसटीचा प्रवास तिनं तो डबा मांडीवर घेऊन केला. आम्ही तीन फूट खड्डा घेतला. वर मुरूम, खाली आणखी मुरूम. मुरूम काढून काळी माती भरली, शेणखत घातलं. माढ्याकडून उसाचं पाचट आणून आळ्यात अंथरलं, म्हणजे ओल टिकते. वाळवी लागू नये म्हणून खोडाला गेरू आणि चुना लावायचा. पहिली दोन वर्षं दुपारचं ऊन अडवायला पश्चिमेला आडोसा लागतो. त्यासाठी बांबूला एक चादर बांधलेली असायची. ती चादर मल्लेशमनं दिली होती.

मल्लेशम आमच्या मागच्या चाळीत राहायचा. विणकरांच्या घरचा, घरात तेलुगू बोलणारा, आणि नोकरी रंगखान्यात, सूत रंगवायची. रोज संध्याकाळी तो सायकलवरून यायचा तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. एक दिवस निळे, एक दिवस लाल. चाळीत वापरायच्या पाण्याची सोय नव्हती. आमच्या फाटकाबाहेर सामायिक बोअरची तोटी होती, तिथं तो हातपाय धुवायचा. रंग कधी पूर्ण निघायचा नाही.

रोप लावलं त्या संध्याकाळी तो सायकल थांबवून बघत होता.

"काय ओ साहेब, पेरू लावलालाव का?"

"नाही रे. तामण."

"फळ कसला येतंय?"

"फळ नाही. फूल येतं."

"निस्ता फूल? मग पाणी कशाला वाया घालवलालाव ओ?"

मंदा आतून आली. तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. त्या दिवशी रंगाच्या हौदात कसला तरी जांभळा असावा. ती म्हणाली, "भावजी, हात वर करा. हा बघा, असा रंग. याच्याहून जरा फिका. असं फूल येतं."

मल्लेशम स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा रंग झाडाला येतंय? कुणी न रंगवता?"

त्या दिवसापासून ते झाड त्याचंही झालं. रोज येता-जाता थांबायचा. पानाखाली कीड बघायचा, आडोशाची चादर सैल झाली असली तर ओढून बांधायचा. त्याची बायको राजम्मा ओट्यावर विड्या वळत बसलेली असायची. ती तिथून ओरडायची, "वैनी, तुमच्या झाडाला सांगा की ओ, नवरा माझा हाय म्हणून!" आणि मंदा संध्याकाळी त्याला विचारायची, "आज काय रंग?" तो हात दाखवायचा. "आज मोरपंखी, वैनी." एकदा तो म्हणाला होता, तामणाचा रंग हौदात पकडता येत नाही. लाल जास्त पडलं तर वांगं होतं, निळं जास्त पडलं तर शाई. फूल नुसतं मंदाच्या तोंडून ऐकलेलं, पण त्यानं मनात तो रंग कितीदा तरी घोळवला होता.

मी हे सगळं खुर्चीतून बघायचो. त्याला मी अरेतुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा. वयानं आम्ही बरोबरीचे होतो.

आता त्या उन्हाळ्याबद्दल लिहायला हवं.

झाडाचं सहावं वर्ष होतं. चैत्रात मंदाच्या आईची तब्येत बिघडली आणि मंदाला आजऱ्याला जावं लागलं. किती दिवस, ते माहीत नव्हतं. जायच्या सकाळी ती झाडापाशी उभी होती. त्या वर्षी पहिल्यांदाच शेंड्याच्या फांद्या जाड दिसत होत्या. ती म्हणाली, "यंदा कळ्या धरील, बघा. आठवड्यातनं दोनदा, दोन दोन बादल्या. गोडं पाणी घाला. बोअरचं नको हं. का मल्लेशम भावजींना सांगून जाऊ?"

मला राग आला. म्हणालो, "तीस वर्षं कालव्यावर पाणी वाटलंय मी. एका झाडाला पाणी घालायला मला माणूस लागतो?"

ती हसली आणि रिक्षात बसली.

सोलापूरचं पाणी सोलापूरकराला समजावून सांगायला नको. नळ चार दिवसांनी यायचा, कधी पाच. त्या तासाभरात बॅरल, हंडे, घागरी, मिळेल ते भरून घ्यायचं. ते गोडं पाणी. बोअरचं पाणी वापरायला, पण ते इतकं खारं की बादलीच्या काठावर पांढरी रेघ धरायची आणि ती नखानं खरवडूनसुद्धा निघायची नाही.

त्याच वर्षी मी कूलर घेतला होता. बसवायला आलेला माणूस जाताना बजावून गेला, "साहेब, यात बोअरचं पाणी अजिबात घालू नका. जाळ्यांना खार बसतोय, महिन्यात वाटोळं." ते मी नीट लक्षात ठेवलं. वैशाखाचं ऊन, रिकामं घर, दुपारी कचेरीतून येऊन मी कूलरसमोर बनियनवर बसायचो. रोज तीन-चार बादल्या गोडं पाणी त्याच्या पोटात जायचं. बॅरल तळाला जायचं. झाडाला मग मी बोअरचं पाणी घालू लागलो.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कूलरच्या गवताच्या जाळ्या खारानं जातात हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांना गोडं पाणी दिलं. जिवंत मुळांना खारं दिलं. वर मनाची समजूत घालायला दोनच्या जागी चार चार बादल्या ओतल्या. जास्त पाणी म्हणजे जास्त काळजी, असा माझा हिशोब.

दर रविवारी मंदाचा फोन यायचा. पहिल्या रविवारी मी सांगितलं, "कळ्या आल्यात."

ती म्हणाली, "खरं? किती?"

"मोजल्या नाहीत. शेंड्याला मोठा तुरा धरलाय."

"त्याला सांगा, मी येईपर्यंत थांब म्हणावं." एवढं म्हणून ती फोनवर हसली, आणि मग आईला औषध द्यायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग कडा वाळल्या, विडीचं टोक जळावं तशा. मल्लेशमनं आधी बघितलं. "साहेब, झाड सुकलालंय की ओ. पाणी घातलालाव न्हवं?"

"भरपूर घालतोय रे. ऊन किती आहे बघ."

त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, साहेबाला पाण्यातलं कळतं. पाचव्या आठवड्यात कळ्या गळाल्या. न उमलताच. सकाळी फाटकाशी त्या हिरव्या गोळ्या पसरलेल्या असायच्या आणि माझ्या चपलेखाली फुटायच्या. फोनवर मी कळ्या आहेत असंच सांगत राहिलो.

मंदा परत आली ती सकाळच्या गाडीनं. आई थोडी सावरली होती. ती रिक्षातून उतरली आणि फाटकातच थांबली. पिशवी हातातच होती. झाडावर शे-दीडशे पानं उरली असतील, सगळी कडांनी जळकी. तिनं एक पान हातात घेतलं. ते तिच्या बोटांत मोडलं.

"काय झालं याला?"

आणि मी म्हणालो, "मल्लेशम रोज इथं हातपाय धुतो. रंगाचं पाणी सगळं आळ्यात जातं. किती वेळा सांगायचं त्याला?"

मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. आयुष्य कालव्यावर गेलं माझं, पाणी कुठून कुठं जातं हे मला एका नजरेत कळतं. गल्लीचा उतार आळ्याच्या उलट दिशेला आहे. तोटीखालचं पाणी झाडाकडे जाऊच शकत नाही. हे मला ते वाक्य बोलतानाच माहीत होतं.

मंदा भांडणारी नव्हती. दुपारी तोटीवर ती राजम्माला एवढंच म्हणाली, "भावजींना सांगा हं, जरा बाजूला धुवा. झाडाला रंग सोसला नाही."

संध्याकाळी मल्लेशम आला. सायकल लांबच लावली होती. चपला काढून तो फाटकात उभा राहिला, देवळात उभं राहावं तसा. त्या दिवशी हात काळे होते. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो आणि माझ्या पाठीमागे खिडकीत कूलर चालू होता. तो आळ्यापाशी उकिडवा बसला. पाचट बाजूला सारलं. खाली मातीवर पांढरा पापुद्रा धरला होता. त्यानं तो नखानं उचलला आणि जिभेवर ठेवला.

"मीठ," तो म्हणाला. "वैनी, आमच्या हौदात रंग धरायला मीठ टाकतात. पोती पोती. माझ्या अंगाला, कपड्याला तेच असतंय. व्हय. माझंच हाय हे."

तो माझ्याकडे वळला आणि त्यानं हात जोडले. "साहेब, चुकलं. माफ करा."

मी पेपर खाली ठेवला. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. फार तर दोन वाक्यं लागली असती. मी म्हणालो, "जाऊ दे रे. व्हायचं ते झालं."

मी त्याला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी नळ आला. गल्लीत नेहमीची धांदल. मी बॅरल भरत होतो आणि बघतो तर मल्लेशम खांद्यावर घागर घेऊन आला. आपल्या घरची, आपल्या वाटच्या पाण्याची. त्यानं आळ्याला एका बाजूनं छोटी वाट करून दिली होती, पाणी बाहेर पडायला. मग घागर अगदी सावकाश ओतली, बाळाच्या डोक्यावर ओततात तशी, एका हातानं धार अडवत. पाणी मुरायची वाट बघितली. मग दुसरी आणली. मग तिसरी.

"हे काय करतोयस?" मी विचारलं.

"धुणं साहेब. सुतातला मीठ काढायला गोड पाण्याचे तीन धुणे लागतात. पहिल्यात मीठ सुटतंय, दुसऱ्यात जातंय, तिसरा आपला मनाच्या समाधानाला. माती पण सुतासारखीच की."

"अरे, मग आमच्या बॅरलमधून घे ना."

"नको साहेब. चूक माझी. पाणी पण माझंच पाहिजे."

त्यानंतर प्रत्येक नळाच्या दिवशी तीन घागरी. त्याच्या घरात पाच माणसं होती आणि पिण्याचं पाणी ठेवायला दोन पिंपं. राजम्मा करवादायची, "हितं चहाला पाणी न्हाय, अन् हा झाडाला आंघोळ घालतोय!" पण तो कामावरून यायला उशीर झाला तर तीच घागर घेऊन यायची, ओतताना तेलुगूत झाडाला काहीतरी बोलायची. शिव्या होत्या की लाड, मला कधी कळलं नाही. आणि हातपाय तो पुन्हा कधी आमच्या तोटीवर धुवायला आला नाही. रंगलेल्या हातांनीच घरी जायचा. मंदानं दोनदा सांगितलं, "भावजी, या की इथं." तो लांबूनच मान हलवायचा.

कूलर मी त्या उन्हाळ्यात पुन्हा लावला नाही. मंदानं कारण विचारलं तर म्हणालो, आवाज फार करतो.

एका सकाळी ती आळ्यातलं पाचट बदलत होती. अचानक म्हणाली, "रंगाच्या पाण्यानं जळलं ना हे? मग मातीला रंग कसा नाही लागला?"

मी म्हणालो, "उन्हानं उडाला असेल."

ती उठली. मोरीत जाऊन तिनं झाडाची बादली उचलली, काठावरच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि बादली होती तिथं ठेवली. मग चहा करायला गेली. तो चहा तिनं मला दिला, माझ्यासमोर बसून स्वतःचा प्यायली. ती रागावली असती तर मी त्याच दिवशी सगळं सांगून मोकळा झालो असतो, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. हेही तिच्यावरच ढकलणं झालं.

श्रावणात झाडाला बुंध्यापासून नवे धुमारे आले. मल्लेशमनं ते आधी बघितले. कामावरून येताना गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, "वैनी! आला ओ, आला!"

फुलं यायला आणखी दोन वर्षं लागली.

त्या वैशाखात पहिला तुरा उमलला तेव्हा मंदानं तो स्वतः कापला. मला वाटलं, देवाला वाहील. तिनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "मल्लेशम भावजींना देऊन या. तुम्हीच. आणि सांगायचं आहे ते सांगा."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. फडक्याची गाठ नीट करत होती.

मी गेलो. मल्लेशम दारात बसला होता. तुरा बघून तो उठला, पण घ्यायला हात पुढे केला नाही. आधी आत गेला, साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले, पालथे-सुलटे करून बघितले. हाताचा रंग फुलाला लागू नये म्हणून. मग दोन्ही हातांच्या ओंजळीत तुरा घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"न्हाय येत, साहेब," तो म्हणाला. "हा रंग आमच्या हौदात जन्मात न्हाय येत." मग हसला. "माझ्या हातनं जळाला, तरी फुलला बगा. झाडाचा मन मोठा."

मी म्हणालो, "हो."

घरी आल्यावर मंदानं विचारलं, "सांगितलंत?"

"तो गडबडीत होता."

पुढे तिनं कधी विचारलं नाही. पण दर वर्षी पहिला तुरा ओल्या फडक्यात गुंडाळून फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवलेला असायचा आणि मी तो घेऊन जायचो. आमच्या घरातला तो एक सणच झाला, इतरांना न सांगता येणारा. मल्लेशमचा रंगखाना बंद पडला, तो मुलीकडे घरकुल वसाहतीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला, तरी मी जायचो. आधी स्कूटरवर, मग रिक्षानं. जाताना वाक्यं पाठ करायचो. रिक्षावाल्यांना वाटत असेल, म्हातारा जप करतोय. तो हात धुवायचा, तुरा घ्यायचा, राजम्मा चहा टाकायची, आम्ही पाण्याच्या पाळीबद्दल बोलायचो, आणि मी परत यायचो.

मंदा गेली त्याला चार वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिची कॉट खिडकीशी होती, तिथून झाड दिसायचं. आश्विन होता, फुलं नव्हती, नुसती बोंडं. एका दुपारी ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुरा तुम्हालाच कापावा लागेल. उंचावर हात पुरत नाही तुमचा, स्टूल घ्या." मी हो म्हणालो. आणखी कशाबद्दल ती काहीच बोलली नाही. तेवढंही ती माझ्यावर सोपवून गेली.

मागच्या वैशाखात गेलो तेव्हा मल्लेशमला नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता. रंग ओळखणारे डोळे ते. तुरा हातात घेऊन त्यानं विचारलं, "रंग कसा हाय साहेब यंदा? सांगा की."

मी सांगू लागलो आणि मला शब्द सापडेनात. शेवटी म्हणालो, "तुझ्या हातावर होता ना, रोप लावलं त्या दिवशी. तसा. जरा फिका."

त्यानं स्वतःचा हात वर केला आणि दिसत नसताना त्याच्याकडे बघितलं. रंगखाना सुटून किती वर्षं झाली होती, तरी नखांच्या मुळाशी निळसर रेघ होती. म्हणाला, "साहेब, त्या झाडाचं तुमी कधी मनावर घेतलं न्हाय. दुसरा असता तर तोंड बघितला नसता माझा."

त्या दिवशी माझ्या तोंडातून "मल्लेशम" एवढं निघालं. तो म्हणाला, "बोला." तेवढ्यात राजम्मा चहा घेऊन आली. चहा आला म्हणून मी थांबलो. खरंच, एवढंच कारण होतं.

ह्या थंडीत तो गेला. मला कळलं ते दहाव्या दिवसानंतर.

यंदाचा पहिला तुरा मी स्टुलावर चढून कापला आणि राजम्माकडे नेला. तिनं तो त्याच्या फोटोपुढे ठेवला. म्हणाली, "शेवटी शेवटी पण म्हणलालते ओ, साहेबांच्या झाडाला मी मीठ चारलो. मी म्हणले, गप बसा की आता, वीस वर्षं झाली." ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

मी खुर्चीच्या कडेला बसलो होतो. म्हणालो, "राजम्मा, ते मीठ..."

"असू द्या ओ साहेब. तुमी आला, लई झालं. चहा ठेवते."

आणि मी चहा घेतला.

घरी आल्यावर पक्कड घेऊन मी झाडाची पाटी उतरवली. ती आता माझ्या टेबलावर आहे, तिच्यावरच कागद ठेवून हे लिहितो आहे. कॉलेजातल्या त्या बाईंना फोन करून सांगितलं, नाव चुकलंय, बरोबर नाव मी लिहून देतो. हा मजकूर मी छापायला देणार आहे. छापून आला की राजम्माची मुलगी तो तिला वाचून दाखवील. ती सोलापुरातच शिकली आहे, मराठी छान वाचते. वाचता वाचता ती कुठं थांबेल ते मला माहीत आहे. राजम्मा पुन्हा कधी मला चहा देईल की नाही, ते नाही.

बाहेर तुरे अजून आहेत. खालची फुलं फिकी पडलीत, शेंड्याची ताजी आहेत. वाऱ्यानं पाकळ्या आळ्यात पडतात, आणि दुपारच्या उन्हात त्या कोरड्या मातीवर क्षणभर रंग धरल्यासारखा दिसतो.

मल्लेशम, आयुष्यभर मी तुम्हाला अरेतुरे केलं. आज करवत नाही. झाड तुमच्या हातानं जळलं नाही. गल्लीचा उतार उलट्या बाजूला आहे, तुमच्या हातापायाचं पाणी आळ्यात कधी गेलंच नाही. मीठ माझ्या बादलीतलं होतं. गोडं पाणी मी कूलरला घातलं आणि खारं झाडाला, आणि मंदानं विचारलं तेव्हा तुमचं नाव घेतलं. तुम्ही माझ्या दारात चपला काढून हात जोडलेत आणि मी ते जोडू दिले. तुमच्या घरचं पाणी ओतू दिलं. झाड तुम्ही जगवलंत. चुकलं माझं. माफ करा. तोटी अजून तिथंच आहे. या, हातपाय इथंच धुवा.